आईची अन्य भाषा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हल्ली पुन्हा कृपादानांचं बोलणं सुरू झालं आहे. नागपूरकडचे दोन तरुण उपदेशक महिन्यातून एकदा आमगावला उतरतात, शुक्रवारी दुपारी सभा भरवतात आणि सांगतात की प्रेषितांच्या काळात मंडळीला जी दानं मिळाली ती आजही मिळायला हवीत. रोगी बरे करण्याचं दान, संदेश देण्याचं दान, कधी न शिकलेल्या अन्य भाषा बोलण्याचं आणि त्या भाषांचा अर्थ सांगण्याचं दान. इंग्रज जाणार, मिशनचे साहेबही जाणार, मग आपली मंडळी कशाच्या बळावर उभी राहील, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न खोटा नाही. पण गेल्या महिन्यात ते माझा पाठिंबा मागायला आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि पाठिंबा दिला नाही. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, तोंडी सांगण्यासारखं नाही, लिहून देते.

माझी आई दुष्काळातली पोर होती. सालेकसाकडच्या रस्त्यावरून मिशनच्या बैलगाडीत घालून जी मुलं आणली, त्यांतली एक. वय पाच-सहा असावं. अनाथाश्रमाच्या कागदावर गावाच्या रकान्यात रेघ होती, बापाच्या रकान्यातही रेघ होती. तिथे तिला नवं नाव मिळालं आणि मराठी मिळाली. ती मराठी शाळेची आणि बायबलाची, गोंदियात कुणाच्याच तोंडी नसलेली. आमच्या भोवती सगळे ‘काऊन’ आणि ‘कायले’ म्हणत, रेल्वेची माणसं हिंदी बोलत, बाजारात पोवारी आणि छत्तीसगढी चाले. आई मात्र ‘कशासाठी’ म्हणायची. बाजारातल्या बायका तिला हसत, पुस्तकावानी बोलते म्हणत. त्या गाडीच्या आधीचं तिला काही आठवत नव्हतं. मी लहानपणी खोदून विचारलं की ती म्हणायची, “त्याच्याआधी मी नव्हतेच.”

वडील गोंदियाच्या रेल्वे यार्डात रूळ बदलणारे सांधेवाले होते. मी सात वर्षांची असताना ते गेले. त्यानंतर आई मिशनच्या मुलींच्या शाळेत आया म्हणून लागली. खोल्या झाडायच्या, माठ भरायचे, लहान मुलींना घरून आणायचं आणि पोचवायचं. मंडळीत सगळे तिला आयाबाई म्हणत. आम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणत असू. त्या देवळात तिची जागा दाराजवळच्या चटईवर होती, चपलांच्या अगदी शेजारी. तिथे बसू नकोस असं तिला कुणी सांगितलं नाही आणि तिथेच बस असंही कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेचे हेडमास्तर मंडळीचेही मुख्य वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांतले पहिले, होते. साहेब दूर राहायचे, तीन महिन्यांतून एकदा यायचे. मधल्या काळात हेडमास्तर म्हणतील ते. ते घाटावरून आलेले, उंच, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही वाटावं आपल्याशीच बोलताहेत. मला त्यांनीच शिकवलं. आयाची पोर म्हणून मला शिवणाच्या वर्गात बसवायचं चाललं होतं, तेव्हा त्यांनी साहेबांशी भांडून मला ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर दुसरीचा वर्ग दिला. पुढे जे लिहिणार आहे त्याच्याआधी हे लिहिणं भाग आहे.

मी विसाव्या वर्षात होते तेव्हा थंडीत एक फिरता उपदेशक आला. त्याच्या सभा तीन दिवस चालल्या. लोक गुडघ्यांवर बसून मोठ्याने प्रार्थना करत, रडत, आपली पापं सांगत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी आई दाराजवळच्या चटईवर बसल्या बसल्या पुढेमागे डोलू लागली आणि बोलू लागली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, वरच्या पट्टीतला, घाईघाईचा. शब्द एकही कळत नव्हता. मला तिची भीती वाटली. उपदेशकाने हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, याचा अर्थ कुणाला दिला आहे का? मग हेडमास्तर उभे राहिले. डोळे मिटलेले, चेहरा पांढरा पडलेला. ते म्हणाले, “मला कळतं आहे.” आणि त्यांनी अर्थ सांगितला. जागे राहा, वेळ थोडा आहे, असा काहीतरी.

उपदेशक गेला, पण सभा राहिल्या. दर रविवारी उपासनेनंतर तासभर. आई बोलायची, हेडमास्तर अर्थ सांगायचे. पहिल्या महिन्यातच आईची चटई पुढे आली, मग चटईच्या जागी खुर्ची आली. आजारी मुलांना घेऊन बायका तिच्याकडे येऊ लागल्या. ज्या बायका तिने भरलेल्या माठाकडे विटाळ झाल्यासारखं बघायच्या, त्या तिला ‘आई’ म्हणू लागल्या. मंडळीने तिला पांढरं, निळ्या काठाचं लुगडं दिलं. माझी वाकून चालणारी आई ताठ चालू लागली. मीही तिच्याबरोबर पुढे बसायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

हेडमास्तरांनी मला एक वही दिली. तुझं अक्षर चांगलं आहे, संदेश लिहून ठेव, साहेबांना दाखवता येतील. मी उजव्या पानावर अर्थ लिहायचे. डाव्या पानावर, कुणी सांगितलं नसताना, आईच्या तोंडचे आवाज जसे ऐकू येतील तसे लिहायचे. तेव्हा मी दुसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. कानावर पडलेलं कागदावर उतरवायची मला सवय झाली होती, त्यापलीकडे माझा काही हेतू नव्हता.

आमच्या मंडळीत एक विधवा होती. दवनीवाड्याच्या वाटेवरच्या एका गावात ती आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी राहत. नवऱ्याबरोबर ती ख्रिस्ती झाली, नवरा गेला, दीर हिंदूच राहिले. धानाच्या दोन बांद्या, म्हणजे बांध घातलेली दोन लहान शेतं होती, ती बाई स्वतः करायची. मुलगी मिशनच्या वसतिगृहात राहून माझ्याच वर्गात शिकत होती. बाई तोंडाची फटकळ. साहेब आले असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “शाळेतल्या पोरी मास्तरच्या घरचे धान कांडून राहिल्या. थ्या इथं शिकाले येतात का कांडाले?” साहेबांनी हेडमास्तरांना बाजूला घेऊन काही विचारलं. कांडणं बंद झालं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी आई बोलली आणि हेडमास्तरांनी अर्थ सांगितला की बांद्यांच्या कडेला एक घर आहे, त्या घरात धान्याखाली जुना देव लपवून ठेवला आहे, आणि तो बाहेर निघाल्याशिवाय या मंडळीवर आशीर्वाद येणार नाही. नाव कुणाचं घेतलं नाही. सगळ्यांनी माना वळवून त्या विधवेकडे पाहिलं.

सोमवारी हेडमास्तर, आणखी दोन वडील आणि वही घेऊन मी असे तिच्या घरी गेलो. ती बांधावर होती, तिला बोलावून आणलं. वडिलांनी तिची धानाची ढोली अंगणात उपडी केली. बांबूची ढोली, आतून शेणाने सारवलेली, पुरुषभर उंच. सगळं धान मातीत पसरलं तेव्हा तळातून फडक्याची एक पुरचुंडी निघाली. तीत देवाचा टाक होता, अंगठ्याएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. ती म्हणाली, “सासूची निशानी हाये. मी पूजा नाई करत. मेलेल्या मानसाची वस्तू फेकू कसी?” तिचं कुणी ऐकलं नाही. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी तिच्याच ओट्यावर बसून, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘संदेश खरा ठरला.’ ती खाली बसून धान गोळा करत होती. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मंडळीसमोर पश्चात्ताप करेपर्यंत तिला प्रभुभोजन बंद केलं. तिने पश्चात्ताप केला नाही. पुढच्या आठवड्यात येऊन मुलीला वसतिगृहातून घेऊन गेली आणि पुन्हा आली नाही.

आता जे लिहायचं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. त्या टाकाची गोष्ट हेडमास्तरांना मीच सांगितली होती. तिची मुलगी एकदा वर्गात म्हणाली होती की आमच्या ढोलीत आजीचा देव झोपते. मला त्या बोलण्याची गंमत वाटली आणि मधल्या सुट्टीत मी ती मास्तरांना हसत सांगितली. तेही हसले होते. ढोली उपडी झाली तेव्हा हे मला आठवलं. आठवलं आणि मी ते दाबून टाकलं, कारण आईची खुर्ची पुढे होती आणि तिच्या शेजारी माझी.

दिवाळीच्या सुट्टीत मी साहेबांसाठी वहीची पक्की प्रत करायला बसले. एकामागून एक पानं लिहू लागले आणि डाव्या पानांवर माझा हात आपोआप चालायला लागला, कारण पुढचा आवाज कोणता येणार हे मला आधीच कळू लागलं. मी लिहिणं थांबवून पानं उलटून पाहिली. आई दर वेळी तेच बोलत होती. मागचं पुढे, पुढचं मागे, पण तेच आठ-दहा शब्द. यायो. तेदा. येर. तम्मू. जावा. माझ्या कानांना ऐकू आले ते असे. आणि उजव्या पानांवर दर रविवारी नवा अर्थ होता. एकदा जागे राहा, एकदा धान्याखालचा देव, एकदा शाळेच्या नव्या खोलीसाठी सगळ्यांनी हातभार लावा.

मी तेव्हाही आईला काही विचारलं नाही. सभेत काय बोलते ते तिला नंतर आठवत नसे, हे मला माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी सालेकसाकडच्या गोंड बायका गाडीने चारोळी आणि पळसाची पानं विकायला येत आणि शाळेमागच्या चिंचेखाली भाकरी खायला बसत. मी त्यांना दर बाजाराला पाहत होते. त्या आपसांत बोलत तेव्हा माझं कधी लक्ष नसे, कारण कळत नसेच. त्या दिवशी मी व्हरांड्यात उभी होते आणि त्यांच्यातली एक वयस्क बाई हातातलं भांडं दुसरीपुढे करत म्हणाली, “जावा.” भांड्यात पेज होती.

मी तिला शाळेत बोलावलं. वर्ग रिकामा होता. तिला बाकावर बस म्हटलं तर ती जमिनीवरच बसली. मी वही उघडली आणि डावं पान वाचू लागले. पहिल्या दोन शब्दांना ती हसली. शाळेची बाई गोंडी बोलते आणि तीही असली वाकडी, म्हणून हसली असावी. मी वाचत राहिले तशी ती हसायची थांबली.

“बाई, हे कोन बोललं?” तिने विचारलं.

मी म्हणाले, एक बाई बोलली.

“मोठी बाई नाई बोलत असं. हे लेकरू बोलून राह्यलं. मायले उठवून राह्यलं.” मग तिने एकेका शब्दावर थांबून मला सांगितलं. आई, ऊठ म्हणते. पाणी मागते. तम्मू म्हणजे लहान भाऊ, त्याच्यासाठी पेज मागते. पुन्हा ऊठ म्हणते. पुढे काही नाही, एवढंच. “माय उठत नाई,” ती म्हणाली आणि इकडेतिकडे पाहू लागली. “कुठी हाये थे लेकरू?”

मी वही मिटली. ती उठून निघून गेली.

मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, ते आता खाली बसतील. ते म्हणाले, देव कुणाच्याही तोंडून बोलतो. “बलामाच्या गाढवीलाही त्याने वाचा दिली होती. गाढवीला स्वतःला काय म्हणायचं होतं, ते कुणी विचारत नाही.”

ती गाढवी माझी आई होती. मी विचारलं, मग त्या विधवेच्या घरचा टाक? तो तुम्हाला संदेशातून कळला की माझ्याकडून? त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ दिसला. तू असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही, असं ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला माझी नेमणूक कुणाच्या शिफारशीवर आहे याची आठवण करून दिली, आणि जंगलातल्या एका बाईचं ऐकून पवित्र आत्म्याची निंदा करू नकोस, त्या पापाला क्षमा नाही, असं सांगून दार उघडलं.

पुढचे पंधरा दिवस मी साहेबांच्या फेरीची वाट पाहिली. घरी आईच्या हातचं जेवत होते, तिच्याशी बोलत होते, आणि तिला एक शब्द सांगितला नाही. तेव्हा मी स्वतःला समजावलं की आधी सांगितलं तर ती हेडमास्तरांना सांगेल. ते खरं असेलही. पण मला ते साहेबांसमोर, सगळ्या मंडळीसमोर पडलेले पाहायचे होते. माझ्या ढोलीत काय होतं, ते हे.

त्या रविवारी मी गोंड बाईला बोलावून मागच्या चटईवर बसवलं. उपासना झाली, सभा सुरू झाली. आई बोलू लागली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. हेडमास्तर उठले आणि अर्थ सांगू लागले, की या भूमीत पेरलेलं बी आता उगवलं आहे आणि पेरणाऱ्याचे श्रम वाया गेलेले नाहीत. साहेबांना आवडेल असाच तो अर्थ होता. मी वही घेऊन उभी राहिले. माझा आवाज शाळेतल्यासारखा निघाला. मी म्हणाले, हा अर्थ खोटा आहे, ही गोंडी भाषा आहे, आणि मी खरा अर्थ वाचला. आई ऊठ. पाणी दे. तम्मूला पेज दे. ऊठ.

हेडमास्तर म्हणाले, या मुलीला मत्सराने घेरलं आहे. दोन वडील माझ्याकडे येऊ लागले. गोंड बाईला मी खुणावेन तेव्हा बोल असं सांगितलं होतं, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती मागून उठली, माणसांमधून वाट काढत आईच्या खुर्चीपाशी आली, खाली बसली आणि तिचे हात धरून गोंडीत तिला काहीतरी विचारलं.

आई गप्प झाली. डोलणं थांबलं. तिने त्या बाईकडे पाहिलं आणि त्याच बारीक आवाजात एका शब्दाचं उत्तर दिलं. मग तिचा हात तोंडावर गेला. ती माझ्याकडे वळली आणि तिच्या नेहमीच्या स्वच्छ मराठीत म्हणाली, “ही बाई काय म्हणते आहे?”

मला गोंड बाईने नंतर सांगितलं. तिने विचारलं होतं, तुझा तम्मू कुठे आहे. आई म्हणाली होती, निजला.

साहेबांनी घड्याळ काढलं, पाहिलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि एक गीत सांगितलं. पेटीवाल्याला सूर सापडेना. लोक कसंबसं गायले आणि कुणाकडे न पाहता बाहेर पडले. आईची खुर्ची तिथेच होती, तिच्याजवळ कुणी आलं नाही.

घरी आल्यावर आईने निळ्या काठाचं लुगडं सोडलं, घडी घातली आणि कामाचं नेसली. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. तिने मला थांबवून विचारलं, “तुला केव्हापासून माहीत होतं?”

“पंधरा दिवस.”

“मला सांगितलं असतंस तर मी तोंड उघडलं नसतं. कोणाला काही कळलं नसतं.”

मी म्हणाले, त्या विधवेचं काय? तुझ्या नावावर तिची ढोली उपडी केली त्यांनी. आई म्हणाली, “ते त्यांचं पाप. त्यासाठी मला का सगळ्यांसमोर नागवं केलंस?” थोड्या वेळाने, चूल पेटवता पेटवता, ती माझ्याकडे न बघता म्हणाली की त्या देवळात तिला पहिल्यांदाच कुणी आई म्हणत होतं.

साहेबांनी चौकशीसाठी तीन जणांची समिती नेमली. समितीने ठरवलं की दोन्ही बाजूंनी उतावीळपणा झाला. हेडमास्तरांना समज दिली. उपासनेत अव्यवस्था केल्याबद्दल मी क्षमा मागावी, असं मला सांगितलं. मी राजीनामा दिला. हेडमास्तर निवृत्त होईपर्यंत त्याच जागेवर राहिले. सभा बंद पडल्या, कारण बोलणारी बोलेना. आई पुन्हा दाराजवळ बसू लागली. तिला तिथून उठवायला कुणी आलं नाही.

मला आमगावला लोकल बोर्डाच्या शाळेत काम मिळालं. आई माझ्याबरोबर यायला तयार नव्हती. जाण्याआधी मी त्या विधवेकडे गेले. कापणी चालू होती. ती विळा हातात घेऊनच बांधावर आली. मी जे सांगायचं ते सांगितलं, टाकाची गोष्ट मास्तरांना मीच सांगितली हेही सांगितलं. आता मंडळीत परत ये, साहेबांशी मी बोलेन, असं म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. “बाई,” ती म्हणाली, “देव तुमच्याइथं तोंड उघडते, तं दर खेपेस मास्तरच्याच मनातलं काऊन बोलते?” आणि परत कापायला वाकली. तिची मुलगी पेंढ्या बांधत होती. ती माझ्याकडे बघून हसली, कारण तिला कशाचंच काही माहीत नव्हतं. ती पुढे शिकली नाही.

गोंड बाई सहा महिने आईकडे येत राहिली, असं मला शेजारणीकडून कळलं. चारोळी आणायची, ओट्यावर बसायची. आपल्या बाजूला कोणकोणत्या गावांतून मुलं गेली ते सांगते, चल, तुझं गाव शोधू म्हणायची. आईने तिला एकदाही आत बोलावलं नाही. मी ख्रिस्ती आहे, मला ती भाषा येत नाही, एवढंच म्हणायची. पुढे ती बाई येईनाशी झाली.

दोन वर्षांनी गुडघे धरले तेव्हा आई आमगावला माझ्याकडे आली. आम्ही आठ वर्षं एका घरात राहिलो. एकमेकींना जपलं, औषधपाणी केलं, आणि त्या रविवारबद्दल कधी बोललो नाही. तिला ताप यायचा तेव्हा मी उशाशी बसून कान देऊन ऐकायचे, ग्लानीत ती काही बोलते का. ती बोलायची ते मिशनच्या मराठीत. खिडकी लाव. दूध उतू जातं आहे बघ. शेवटच्या तापातही तेच.

तिला मातीत ठेवायच्या दिवशी पाळक तिरोड्याला गेले होते, ते वेळेवर पोचले नाहीत. हेडमास्तर मात्र गोंदियाहून गाडीने आले होते. म्हातारे झाले होते, काठी होती. मंडळीच्या वडिलांनी विनंती केली म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि मग पुस्तकातून मान वर करून म्हणाले, “आमच्या या बहिणीला एक दान मिळालं होतं. या भागातल्या मंडळीला तिच्या तोंडून...”

“थांबा,” मी म्हणाले.

ते थांबले. मग फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “मी खोटं बोललो नाही गं. मला तसंच ऐकू यायचं.”

ते मला पटलं, आणि माझा राग तिथेच दुप्पट झाला. खोटं बोलणारा माणूस कधीतरी पकडला जातो, निदान त्याला स्वतःला तरी माहीत असतं. ज्याला स्वतःचा राग, स्वतःची हौस, मधल्या सुट्टीत ऐकलेली एका पोरीची गंमत देवाच्या आवाजात ऐकू येते, त्याच्यापासून मंडळीने कुणाला कसं वाचवायचं? त्या दोन तरुण उपदेशकांना मला एवढंच विचारायचं आहे. बोलणारा कोण, हे ते विचारतील. अर्थ सांगणाऱ्याला कोण विचारणार?

मी हेडमास्तरांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि उरलेली प्रार्थना स्वतः वाचली. मग लोकांनी माती टाकली. दफनाची प्रार्थना बाईने वाचलेली चालते का, यावर आमगावच्या मंडळीत पुढे महिनाभर वाद चालला.